उजव्या कडेचं घर

महाडात ट्रकचा मागचा फाळका रंगवायचा असला की आजही लोक आधी माझं नाव घेतात. अजमल पेंटर. फुशारकी वाटली तर वाटू दे. हातात कसब असेल तर तोंडानं का लाजायचं? हायवेला लागून माझी पत्र्याची शेड आहे, आणि गोव्याकडे जाणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या पाठीवर माझे डोंगर, माझी कमळं आणि माझी अक्षरं फिरतात. माणूस आणि जनावर मात्र मी काढत नाही. तो आमच्या अब्बांपासूनचा रिवाज. ज्यात जीव घालता येत नाही त्याचा आकार काढू नये, असं ते म्हणायचे. एखादा ड्रायव्हर वाघ मागायला आला तर मी त्याला वाघाचं जंगल काढून देतो, आणि तो खूश होऊन जातो.

सन अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर स्वराज माझ्याकडे आला. तिशीतला, किडकिडीत, जाड काचांचा चष्मा. अवकाळी पावसानं कशेडी घाटात दरड आली होती आणि त्याची एसटी दोन तास मी रंगवलेल्या एका फाळक्यामागे अडकून पडली होती. फाळक्यावर रात्रीचा डोंगर होता, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गडी शेडच्या दारात हजर. नाव-गाव सांगायच्या आधी त्यानं विचारलं, हा काळा कुठल्या डब्यातला? मला माणूस तिथेच आवडला. मी सांगितलं, डब्यातला काळा मेलेला असतो बाबा, मी नीळ आणि कॉफी रंग मिसळून काळा करतो, म्हणून त्यात खोली दिसते. तो बराच वेळ मान हलवत राहिला.

तो मुंबईत चित्रकला शिकलेला होता आणि आता कार्टून फिल्म बनवत होता. ससा-कासवाची नव्हे. एक डोंगरातलं राज्य, घाटाच्या तळातून वर येणारी एक राणी, आणि ती ज्या घरावरून जाईल त्या घरातला उजेड विझतो, अशी गोष्ट. राणीला तोंड नाही, हातपाय नाहीत, कडसुद्धा नाही. पारदर्शक प्लास्टिकवर काढलेला नुसता काळा डाग. मागच्या खिडक्या झाकल्या गेल्या की समजायचं, ती आली. सगळा पडदा निळा-काळा ठेवायचा आणि पिवळा रंग एकाच जागी वापरायचा, राहत्या घराच्या खिडकीत. पिवळा म्हणजे जीव, असं स्वराज म्हणायचा. तो लहान लहान गोष्टी इतक्या गंभीरपणे बोलायचा की हसू यायचं, पण मी हसलो नाही. डोंगर, घरं आणि अंधार त्याला माझ्या हातचे हवे होते. आजवर मला कुणी असं मागितलं नव्हतं.

त्यानं बिरवाडीत एक खोली भाड्यानं घेतली. आजूबाजूला एमआयडीसीतले कामगार, मध्ये हा, खिडक्यांना काळा कागद चिकटवून बसलेला. खोलीत त्यानं उंच लाकडी घोडा उभा करून वर कॅमेरा खाली तोंड करून टांगला होता. खाली माझं चित्र ठेवायचं आणि डावीकडून उजवीकडे तसूतसू सरकवायचं. पडद्यावर त्याचा प्रवास होतो म्हणे.

चित्र काढायचं होतं त्याच्याच वाडीचं. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला भेकरटेप म्हणून वाडी आहे. मी तिथे दोन दिवस बसून कच्ची चित्रं केली. उतारावर एकाखाली एक अकरा घरं, अकरा चुली. सगळ्यात उजवीकडचं घर स्वराजच्या आईचं, रखमाकाकीचं. म्हातारी ताठ होती. मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि जेवता जेवता पोराची तक्रार सांगितली. तो तिला मुंबईला घेऊन जायला टपला होता. ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर माती नाय, कोंबडी नाय, मी काय भितीला टेकून मरायची वाट बगू? तिच्या घराच्या पलीकडे एक रिकामी वरकस, उताराची हलकी जमीन होती आणि मग कडा. त्या जमिनीवर एक दगडसुद्धा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माझी कच्ची चित्रं अजून माझ्याजवळ आहेत.

सहा फुटांचा कागद फळीवर ताणून मी कामाला लागलो. खिडकीपुरता कागद कोरा ठेवायचा, त्यावर पिवळ्याचा अगदी पातळ हात द्यायचा आणि भोवती सगळा माझा काळा. असा उजेड दुसऱ्या कुणी काढून दाखवावा. पण काम संपत आलं तसं चित्र डावीकडे कलंडलेलं वाटायला लागलं. उजवा कोपरा ओकाबोका. आता ट्रकचा फाळका रंगवणारा माणूस मोकळी जागा कशी सोडेल? आमच्या धंद्यात मोकळी जागा दिसली की मालक म्हणतो, पेंटर कंटाळला. माझा हात आपोआप तिकडे गेला आणि रिकाम्या वरकसावर, कागद संपतो त्याच्या अलीकडे, मी एक बारावं घर उभं केलं. दोन खांबांची पडवी, नळ्याच्या कौलांचं छप्पर, एक खिडकी. खिडकीत पिवळा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं घर. खरं सांगायचं तर त्याच्या डाव्या खांबाच्या मापात माझी चूक झाली होती. खांब बोटभर आखूड पडला आणि पडवीचं छप्पर तिकडे झुकलं. पण ती चूकसुद्धा गोड दिसत होती म्हणून मी तशीच ठेवली.

स्वराजनं चित्र पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. घरं मोजली नाहीत. नुसता म्हणाला, अजमलभाई, हे माझ्या वाडीपेक्षा खरं झालंय. मी आठ दिवस छाती काढून फिरत होतो.

माझी बायको नुरजहाँ मात्र चित्रासमोर पदर सावरून उभी राहिली. पिवळ्याचा अर्थ मीच तिला सांगितला होता.

"मग तुम्ही जीवच काढलेत की," ती म्हणाली. "बारा."

मी तिच्यावर खेकसलो. खिडकी म्हणजे खिडकी, म्हटलं.

जानेवारीपासून खिडक्या विझवायला सुरुवात झाली. एक खिडकी मी काळी करायची, मग स्वराज तेवढा भाग कॅमेऱ्यातून घ्यायचा, मग पुढची. काळ्यावर पिवळा परत चढत नाही, शेवाळासारखा हिरवट दिसतो. त्यामुळे एकदा विझली ती विझली. पहिली खिडकी डावीकडच्या मोरूच्या घराची. आठवड्यानं स्वराज सहज बोलून गेला की मोरू घराला कुलूप लावून घाटकोपरला पोराकडे गेला. मग ठकूबाईची खिडकी गेली आणि ठकूबाई लेकीकडे पनवेलला गेली. मग चांगूची. तो सुरतेला गेला. कुणी मेलं नाही, कुणी पडलं नाही. डोंगरातल्या वाड्या रिकाम्या होतच असतात, त्यात नवल काय? कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी स्वतःला सांगत होतो.

सहावं कुलूप लागलं तेव्हा मला राहवलं नाही. मी हिशोबी माणूस आहे. म्हटलं परीक्षा घेऊ. सातवी खिडकी सोडून मी मुद्दाम नववी विझवली. स्वराज चिडला, क्रम चुकला म्हणाला. मी चुकून झालं म्हणून सांगितलं. नववं घर तुळसाचं होतं. तुळसाच्या घरात बाळंतीण होती, म्हैस व्यायला झाली होती, तिथून कुणी हलायचा प्रश्नच नव्हता. चौथ्या दिवशी म्हैस विकून ते सगळे बाळासकट विरारला निघून गेले.

तेव्हा मी थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण त्या महिन्यात माझ्या हातातून जे काम उतरत होतं तसं पुन्हा उतरलं नसतं. शिवाय सगळे सुखरूप शहराकडे जात होते. मी सातवी, आठवी आणि दहावीही विझवली.

मार्चच्या शेवटी, होळी झाल्यावर, मी सकाळच्या एसटीनं पोलादपूरला उतरलो आणि चालत वर गेलो. दहा घरांना दहा कुलुपं. अंगणात शेण सुकलेलं, एकही कुत्रं नाही. उजवीकडे रखमाकाकीच्या घरातून धूर येत होता.

त्याच्या पलीकडे अजून एक धूर होता.

 वरकसावर घर उभं होतं. नळ्याचं छप्पर, दोन खांबांची पडवी, एक खिडकी. डावा खांब बोटभर आखूड, आणि पडवीचं छप्पर तिकडे झुकलेलं. कुठलाही सुतार असा खांब लावणार नाही. ती माझी चूक होती, माझ्या हातची. पायरीचा दगड नवाकोरा, कुणाचा पाय न लागलेला. दारात एक बाई पाठमोरी बसून काहीतरी निवडत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त काय वाटलं ते सांगतो. मला अभिमान वाटला. एवढे थोर चित्रकार होऊन गेले, त्यांच्यातल्या कुणाचं घर असं उभं राहिलं?

रखमाकाकीला मी त्या घराबद्दल विचारलं. तिनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. ते घर पहिल्यापासून आहे म्हणाली, बाई गरीब आहे, बोलत नाही, पण मीठमिरची मागायला येते. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. चित्राबद्दल तिला पोरानं सांगितलं होतं, पण ही म्हातारी त्याच्यापेक्षा जास्त समजून होती. वाडी कुठल्या क्रमानं रिकामी झाली ते तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माजा दिवा ऱ्हाऊ दे रे पेंटर," ती म्हणाली. "मला हितनं जायाचं नाय. तू मनात आणलंस तर माजं घर ऱ्हाईल."

मी शब्द दिला. तिच्या चुलीसमोर बसून, तिचा चहा पिऊन दिला.

एप्रिलात शेवटचं दृश्य राहिलं. सगळ्या वाडीवर राणी पसरते आणि एकच खिडकी उरते. चित्रात अजून दोन होत्या. स्वराज बिरवाडीच्या त्या काळ्या खोलीत चित्रापुढे बसला. मग म्हणाला, आईची ठेवू या अजमलभाई. ती कड्यावरची विझवा.

एवढंच. तो तेवढं बोलला आणि मी ब्रश उचलला असता तर हे सांगायची वेळ आली नसती.

पण मी कड्यावरच्या घराकडे पाहिलं. तो उजेड, ते झुकलेलं छप्पर. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या. ऊन लागलं, पाऊस लागला, दोन वर्षांत रंग उडून गेले. हे एकच होतं जे उरणार होतं. आणि ते मी माझ्या हातानं पुसू?

मी स्वराजशी वाद घातला. तासभर. म्हटलं, कॅमेरा डावीकडून उजवीकडे जातो, मग नजर शेवटच्या टोकाला थांबायला हवी. अलीकडची खिडकी ठेवलीस तर चित्र मोडेल. तूच शिकवलंस मला हे सगळं. आणि मनात म्हटलं, म्हातारीचं काय होणार? फार तर पोराकडे जाईल. दादरला राहील, सुखात राहील. आईचं भलंच होईल.

स्वराजला ते पटलं. चित्र म्हणून माझंच बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

रखमाकाकीची खिडकी मी एका हातात विझवली.  मी चांगला कारागीर आहे.

ती मुंबईला गेली नाही.

आठ दिवसांनी स्वराज वर गेला तेव्हा घराला कुलूप होतं आणि किल्ली पडवीतल्या कोनाड्यात होती. चुलीत राख थंड. कोंबड्या खुराड्यात उपाशी. पोलिसांनी दोन दिवस दरी शोधली, घोंगडी सापडली नाही, चप्पल सापडली नाही. मी स्वराजला विचारलं, शेजारच्या घरी पाहिलंस का? तो म्हणाला, कुठलं शेजारचं घर? आईचं घर शेवटचं.

मी विषय बदलला. 

फिल्म पुढच्या थंडीत मुंबईला एका हॉलमध्ये दाखवली. मी आणि नुरजहाँ गेलो होतो, पहिल्या रांगेत. नावं आली त्यात मोठ्या अक्षरात, चित्रं अजमल पेंटर, महाड. नुरजहाँनं माझा हात दाबला. शेवटी सगळा पडदा काळा झाला, माझा काळा, आणि उजव्या टोकाला ती एकच खिडकी राहिली.  मग लोक उठून उभे राहिले. एका शिकलेल्या बाईंनी स्वराजला विचारलं, तो शेवटचा दिवा म्हणजे आशा का?  त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. अब्बा असते तर, असं मनात येऊन मीही डोळे पुसले.

पण पडदा विझायच्या आधी मी एक पाहिलं होतं. झुकलेल्या छपराखाली, आखूड खांबाला टेकून कुणीतरी बसलं होतं. मी तिथे कुणाला काढलं नव्हतं. मी कधीच कुणाला काढत नाही. फिल्मवरची धूळ असेल, असं म्हणून मी परतीची गाडी पकडली.

चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी नुरजहाँला घरी ठेवून मी एकटाच भेकरटेपला गेलो.

लख्ख ऊन होतं. अकरा घरं, अकरा कुलुपं. बाराव्यातून धूर येत होता.

पडवीत रखमाकाकी बसली होती. सुपात तांदूळ निवडत होती. अंगावर तेच हिरवं लुगडं. मला पाहून तिला राग आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

"ये रे," ती म्हणाली. "बस."

मी अंगणात पाय ठेवला. माती पायाला लागत नव्हती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, काकी, चला, स्वराज वेडा झालाय तुमच्यासाठी, खाली चला. ती तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, तू माजं घर ठेवलं नायस, पर हितं जागा हाय. बाई चांगली हाय.

मग मला जाणवलं की उजवीकडून वारा येत नाही. आवाजही येत नाही. तिथे कडा असायला हवा होता, खाली दरी, दरीपलीकडे सह्याद्रीची रांग. मी मान वळवली.

तिथे काही नव्हतं. धुकं नव्हे. धुकं हलतं. तिथे नुसतं पांढरं होतं, सपाट, कोऱ्या कागदाचं.

"तिकडं बगू नुको," रखमाकाकी म्हणाली. "तिकडचं अजून काढायचं ऱ्हायलंय."

 काय काढायचं, असं मी विचारलं असणार, कारण तिनं उत्तर दिलं. सुपातला एक खडा काढून तिनं बाजूला टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माया होती.

"आदी नुरजहाँचं घर काढ," ती म्हणाली. "ती मगाधरनं आत उबी हाय."